फुटपाथवरच्या माणसाने नातेवाईक कुठून आणायचा?

दारू सोडायला म्हणून कुठेही दाखल व्हायला जा, पहिला प्रश्न ठरलेला: "सोबत कोण आहे?" बायको, आई, भाऊ, गेला बाजार मेहुणा तरी. जो माणूस वर्षानुवर्षं उड्डाणपुलाखाली झोपतोय, त्याच्यासोबत कोण असणार? मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. असा माणूस केसपेपर घेऊन माझ्या टेबलापाशी येतो तेव्हा त्यावर आधीच लिहिलेलं असतं, "नातेवाईकांसह येणे." तो पेपर माझ्यापुढे सरकवतो आणि उभा राहतो. हात थरथरत असतात, पेपरही थरथरतो.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं जे काम झालं त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगते, म्हणजे कॉमेंटमध्ये भांडण नको. 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी पैसा दिला. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, चांगल्या घरातली पोरं गिळायला सुरुवात केली होती तो काळ. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट झाला, घरच्यांना उपचारात सामील करून घेतलं गेलं. शंभर टक्के योग्य होतं ते. पण त्यातूनच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक साचा पक्का बसला. काही आठवडे केंद्रात राहायचं, मग घरी जायचं, घरच्यांनी डोळ्यात तेल घालून सांभाळायचं, फॉलोअपला घेऊन यायचं. डिस्चार्जनंतर माणूस परत त्याच पुलाखाली जाणार असेल तर काय, याचं उत्तर त्या साच्यात नाही.

डायसल्फिरामचंच बघा. दारू सोडलेल्यांना पुष्कळदा ही गोळी देतात. ती घेतल्यावर वर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. त्यामुळे कुणीतरी रोज समोर उभं राहून ती द्यावी असं सांगितलं जातं. हे काम आपल्याकडे बायकोच्या गळ्यात पडतं. पुलाखाली ते कोण करणार? देणं राहू द्या, गोळ्या ठेवायच्या कुठे? माझ्याकडे येणारे एक काका फिटच्या आणि टीबीच्या गोळ्या दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून, पिशवी पायजम्याच्या नाडीला बांधून झोपायचे. उशाशी ठेवली तर चोरीला जाते म्हणून. जुलैतल्या एका पावसात आतल्या गोळ्यांचा पांढरा लगदा झाला. तो लगदा त्यांनी मला आणून दाखवला, का तर गोळ्या विकल्या असा आळ येऊ नये. आणि केसपेपरवर शेरा काय पडला होता? "औषधे नियमित घेत नाही."

"हे लोक पितात म्हणूनच रस्त्यावर आलेत," हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकते. काहींच्या बाबतीत ते खरं असेलही. पण उलटा प्रवासही रोज बघते. गावाकडून आला, केटरिंगच्या किंवा हमालीच्या कामाला लागला, आजारी पडला, खोलीचं भाडं थकलं, फुटपाथवर आला, आणि तिथे झोप येईना म्हणून प्यायला लागला. एकजण म्हणाला होता, "मॅडम, क्वार्टर नाय मारली तर रात्रभर गाड्या अंगावरनं जातात असं वाटतं." डास, पोलिसाची काठी, शेजारी झोपलेल्याची भीती. देशीची ती क्वार्टर त्याचं झोपेचं औषध आहे. आपण ते काढून घेतो आणि बदल्यात झोपायला जागा देत नाही.

आता आकडे. 2019 मध्ये एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दारूचं व्यसन जडलेल्या दर 38 माणसांमागे एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता. आणि त्या सर्वेक्षणाचा मोठा भाग दोन लाखांवर घरांत जाऊन केलेला होता, म्हणजे दार असलेल्यांची ही अवस्था. मुंबईत 2011 च्या जनगणनेतच सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले होते, आणि रात्री फुटपाथवरून फिरलेल्या कुणालाही हा आकडा कमीच वाटेल.

निवाऱ्यांचं काय? शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तासांचा निवारा हवा, असा सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक आहे. मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास लागतील. आपण त्याच्या जवळपासही नाही. जे आहेत तिथे नशेत असलेल्याला आत घेत नाहीत. निवारा चालवणाऱ्यांची बाजू मला कळते. एका हॉलमध्ये म्हातारी माणसं, आजारी माणसं, रात्रपाळीला एकच काळजीवाहक, त्यात कुणी पिऊन राडा केला तर तो काय करणार? पण मग निवारा म्हणतो आधी दारू सोड, रुग्णालय म्हणतं आधी नातेवाईक आण. माणूस दोघांच्या मधल्या रस्त्यावर.

कायदा मात्र आपल्यापेक्षा शहाणा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी संबंधित मानसिक आजार धरलेले आहेत. कलम 18 म्हणतं की निराधार किंवा बेघर माणसाला सरकारी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांमध्ये उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कलम 86 प्रमाणे सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने, स्वतःच दाखल होऊ शकतो. स्वतःचे निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्याचं कुणीच नसेल, तर कलम 14 मध्ये त्याचीही सोय आहे. तात्पुरता एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा माणूससुद्धा प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकतो. मग "नातेवाईकांसह येणे" कुठून आलं? वॉर्डातल्या अडचणीतून आलं. रक्ताचे नमुने लॅबला कोण नेणार, रात्री तो बरळायला लागला तर शेजारी कोण बसणार? आपल्या सरकारी रुग्णालयांत ही कामं नातेवाईकच करतात, फुकट. म्हणजे कमतरता वॉर्डात काम करणाऱ्या मावशी-मामांची आणि सिस्टरची आहे, ती भरायची तर पदं भरा.

बेघर माणसाला जमेल अशी सेवा आपल्याला करता येत नाही असंही नाही. गर्द ओढणाऱ्या, सुया टोचणाऱ्यांसाठी ओएसटी केंद्रं आहेत, म्हणजे नशेच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी गोळी देणारी केंद्रं. रोज यायचं, नर्ससमोर गोळी जिभेखाली विरघळवायची, जायचं. गोळी सांभाळायची भानगड नाही, बायको लागत नाही, पैसे पडत नाहीत. मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था रस्त्यावरच्या लोकांच्या जखमा धुण्यापासून सुरुवात करतात. व्यसन सोडायचं बोलणं नंतर. त्यातले काही वर्षानुवर्षं टिकतात, कामाला लागतात. दारूला अशी पर्यायी गोळी नाही हे मान्य. पण रोज येऊन समोर औषध घेणं, ओळखीचा चेहरा, सकाळचा चहा, एवढं तर दारूसाठीही करता येईल.

आणि राहायची जागा आधी, हा विचार काही हवेतला नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून, फिनलंडमध्ये 2008 पासून राष्ट्रीय धोरण म्हणून, दारू सोडण्याची अट न घालता बेघरांना घर दिलं गेलं. मुंबईत फ्लॅट द्या असं मी म्हणत नाही, इथे माझाच पगार भाड्यात जातो. मला हवी आहेत प्रत्येक मोठ्या निवाऱ्यात चार-पाच कॉट, वॉर्डातून नुकत्याच सुटलेल्यांसाठी. कुलूप लागणारं औषधांचं कपाट, संध्याकाळी एक नर्स. बायकांसाठी वेगळी सोय, कारण रस्त्यावर राहणाऱ्या आणि नशा करणाऱ्या बाईला तर आजच्या घडीला मी कुठे पाठवू हेच कळत नाही. हे बजेट फार मोठं नाही. महापालिकेतले कुणी वाचत असतील तर बोलायला मी तयार आहे.

बाकीच्यांसाठी एकच. रोज पिणारा माणूस दोन-तीन दिवस दारू न मिळाल्याने थरथरतोय, घामाघूम झालाय, नसलेली माणसं त्याला दिसतायत, अशा अवस्थेत आढळला, तर "बरं झालं, सुटली" म्हणून पुढे जाऊ नका. अशी एकदम तुटलेली दारू जीव घेऊ शकते. 108 ला फोन करा, "विथड्रॉवल" हा शब्द वापरा, आणि सोबत कोण आहे असं विचारलं तर "मी आहे" म्हणा. नातेवाईकाची सही मागितली तर कलम 14 दाखवा, आणि तिथल्या समाजसेवा विभागात माझ्यासारखी कुणीतरी बसलेली असते, तिला बोलावून घ्या.