ठिपका हलला का?

दुर्बिणीतून शनीची कडी दाखवणारे लोक सुखी असतात. पाहुणे येतात, डोळा लावतात, ‘अय्या!’ म्हणतात, आणि दुर्बीण घेतल्याचं घरात कोणी पुन्हा काढत नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र हेही असेच हमखास टाळ्या घेणारे कार्यक्रम. मी लघुग्रह बघतो. लघुग्रह बघून आजवर कोणी ‘अय्या’ म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लोक ‘कुठंय?’ म्हणतात. दाखवल्यावर ‘हा?’ म्हणतात. मग ‘बरं’ म्हणून खाली निघून जातात.

त्यांचाही दोष नाही. लघुग्रह दुर्बिणीतून हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सेरेस सगळ्यात मोठा, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. पण तो इतका लांब आहे की माझ्या आठ इंची दुर्बिणीला तो ठिपकाच. जास्त शक्तीची नेत्रिका, म्हणजे डोळ्याशी येणारं भिंग, लावली की ठिपका मोठा होत नाही, नुसता थरथरतो. व्हेस्टा आकाराने लहान पण सगळ्यात तेजस्वी. प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं, चांगली असेल तर अगदी अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम जाणवतो, म्हणजे तिथेही आमच्या दुर्बिणीची किंमत नाहीच.

मग इतक्या ताऱ्यांत हा ओळखायचा कसा? ओळखपरेडीत सगळेच एका चेहऱ्याचे उभे केलेत आणि त्यातला एक जण अंमळ सरकणार आहे, एवढीच काय ती खूण. म्हणून आकाशाचा तो तुकडा बघून सगळे ठिपके कागदावर काढायचे, दुसऱ्या रात्री तोच तुकडा पुन्हा काढायचा आणि कोण हललं ते बघायचं. प्रतियुतीच्या सुमारास पट्ट्यातला लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या निम्म्या रुंदीइतका. त्याच रात्री दोन-तीन तासांनी पाहिलं तरी फरक कळतो, असं ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते सांगतात. या काळात तो ताऱ्यांमधून उलटा, पश्चिमेकडे चालतो. वक्री असतो. हिच्या मते त्या दिवसांत घरात मीही.

आता ‘ठिपके कागदावर काढायचे’ हे लिहायला सोपं आहे. आधी दुर्बीण तासभर बाहेर ठेवायची, कारण घरातला उबदार आरसा बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत चित्र उकळत राहतं. डोळ्यांनाही अंधाराशी जुळायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइलकडे बघायचं नाही, लाल टॉर्चच वापरायचा. हे सगळं शास्त्रोक्त पार पडून डोळे नुकतेच तयार झालेले असतात, तेव्हा समोरच्या इमारतीत कोणाला तरी बाल्कनीतले कपडे आठवतात. झगझगीत दिवा लागतो. कपडे काढून होतात, माणूस आत जातो, दिवा राहतो. वीस-तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

मग दिशांचा प्रश्न. आमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तेव्हा नकाशा उलटा धरला की झालं, असं पुस्तकं म्हणतात. पण मी दुर्बिणीच्या ज्या बाजूला उभा असतो त्यानुसार ते तिरकंही होतं. त्यामुळे मी नकाशा फिरवतो, मग मान फिरवतो, मग नकाशाभोवती स्वतः फिरतो. मोठ्या दुर्बिणीला नेम दाखवणाऱ्या बारक्या शोधक दुर्बिणीत बघायचं तर गुडघे टेकून मान अशा कोनात न्यावी लागते की खालून कोणी पाहिलं तर याला काहीतरी उपचार हवे आहेत असंच वाटावं. तेवढ्यात शोधकाच्या काचेवर दव धरतं आणि सगळं आकाश एकदम तेजोमेघ होतं.

डास या विषयावर मी फार लिहू शकेन, पण एकच सांगतो. एकदा कन्या राशीतल्या एका तुकड्याचं रेखाटन मी मोठ्या समाधानाने संपवलं. सकाळी उजेडात पाहिलं तर सहा ठिपके जागेवर होते आणि सातव्याला पाय होते.

एवढं करून पहिली रात्र पदरात पडते. दुसऱ्या रात्री ढग येतात. या नियमाला अपवाद मी पाहिलेला नाही. ढग अमावास्येच्या आसपास येतात, चंद्र वाढला की आकाश स्वच्छ होतं, आणि पौर्णिमेला तर काचेसारखं असतं. तेव्हा चंद्राच्या उजेडात ठिपके सोडून सगळं दिसतं.

अशा वेळी मला पियाझ्झी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाची आठवण येते. १ जानेवारी १८०१ च्या रात्री, नव्या शतकाच्या पहिल्याच दिवशी, पालेर्मोच्या वेधशाळेत या माणसाला एक ठिपका दिसला. पुढच्या रात्री तो सरकलेला होता. तोच सेरेस. पियाझ्झी ११ फेब्रुवारीपर्यंत त्याच्या मागावर होता. मधेच तो आजारी पडला, आणि सेरेस जाऊन सूर्याच्या उजेडात गडप झाला. आता शोधायचा कुठे? चोविशीतल्या गाउस या जर्मन गणितज्ञाने त्या मोजक्या निरीक्षणांवरून कक्षेचं गणित मांडलं, आणि वर्ष संपता संपता सेरेस त्या गणिताच्या सुमाराला सापडला. पियाझ्झीच्या मदतीला गाउस होता. माझ्या मदतीला शेजारचे काका आहेत.

त्याहून मला जवळचा वाटतो तो हेंके. टपाल खात्यातून निवृत्त झालेला जर्मन गृहस्थ, हौशी. १८०७ मध्ये व्हेस्टा सापडल्यावर पुढे कोणाला काही मिळेना, तेव्हा याने एकट्याने शोध चालू ठेवला. पंधरा वर्षं आकाश चाळून १८४५ मध्ये त्याला अ‍ॅस्ट्रिया हा पाचवा लघुग्रह मिळाला. ही गोष्ट मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितली. ‘पंधरा वर्षं?’ ही म्हणाली, ‘आणि त्याच्या बायकोचं नाव काय होतं?’ ते मला सांगता आलं नाही. ‘तेच म्हणते मी,’ असं म्हणून ती झोपायला गेली.

आता काळ बदललाय. छायाचित्रणाच्या जमान्यात लघुग्रहांच्या रेघा इतक्या फोटोंत उमटू लागल्या की काही खगोलशास्त्रज्ञ वैतागून त्यांना आकाशातली कीड म्हणू लागले. २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने सुरुवातीच्या दहाएक तासांच्या निरीक्षणांतच दोन हजारांवर नवे लघुग्रह शोधले. हेंकेची पंधरा वर्षं आणि हे दहा तास यांचा हिशेब मी मांडत नाही. हिने मांडलाय.

शेजारच्या काकांना लघुग्रहांबद्दल एकच प्रश्न असतो: ‘आपटणार कधी?’ डायनासोरांचं प्रकरण त्यांना पाठ आहे आणि मी ते पुन्हा घडवून आणण्याच्या तयारीत आहे अशी त्यांची समजूत आहे. त्यांचा आग्रहच पडला म्हणून मी अपोफिस सांगितला. १३ एप्रिल २०२९. तीनेकशे मीटरहून मोठा धोंडा, जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार, आपले टीव्हीचे उपग्रह फिरतात त्याच्याही आतून. काकांनी तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली. ‘आणि आपटणार?’ नाही, नुसता जाणार. काकांचा चेहरा पडला. त्यांनी तारीख खोडली नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझं दुःख निराळं आहे. युरोप-आफ्रिकेतल्या लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसणार आहे. इतकी वर्षं मान मोडून एकेक ठिपका सरकवला, आणि खरा सरकणारा ठिपका बघायला दुर्बीणच नको!

या सगळ्यातून मी सध्या पिधानाकडे वळलोय. लघुग्रह फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढे येतो आणि तारा काही सेकंद विझतो. त्याची सावली एका अरुंद पट्ट्यातून पृथ्वीवरून धावत जाते. पट्ट्यात जागोजागी माणसं दुर्बिणी घेऊन बसतात, तारा कधी गेला आणि कधी आला ते नोंदवतात, आणि त्या वेळा जुळवून लघुग्रहाचा आकार काढता येतो. हौशी माणसांनी केलेलं हे काम खरोखर उपयोगी पडतं. पट्टा किंचित चुकून सावली बाजूने गेली तर? तरीही नोंद पाठवायची, कारण सावली कुठपर्यंत नव्हती हे त्यावरूनच ठरतं.

परवा मी पट्ट्याच्या काठावर होतो. अंदाजाची वेळ पहाटेची. डोळा नेत्रिकेला, हातात घड्याळ, श्वास रोखलेला. तारा तेवत होता. वेळ झाली, तेवत होता. वेळ टळून गेली तरी बेटा तेवतच होता. मी खाली येऊन दिवा लावला आणि फॉर्म भरायला घेतला. ही उठून बसली.

‘काय झालं?’

‘काही नाही झालं.’

‘मग एवढं लिहिताय काय?’

‘तेच.’