सोफ्यामागच्या अकरा गोळ्या

आमच्या कुत्रीला, ढब्बूला, फिट येतात. एपिलेप्सी आहे. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने फिट आवरणाऱ्या फेनोबार्बिटलची गोळी, आणि ती बहुधा जन्मभर. हे सगळं व्यवस्थित चाललंय अशी आमची समजूत होती, कारण गोळी द्यायची आमची पद्धत अगदी सोपी होती. चीजच्या तुकड्यात गोळी खुपसायची, "ढब्बू, खाऊ!" म्हणायचं, तुकडा पुढे धरायचा. गट्टम. घरातलं कोणीही देऊ शकायचं. बाबा तर टीव्हीवरची नजरही न हटवता द्यायचे.

मग फिट पुन्हा यायला लागल्या. आधी दीड महिन्यात एक, मग दहा दिवसांत दोन. रक्तातली औषधाची पातळी तपासली, ती फारच कमी निघाली. आता डोस वाढणार अशी मनाची तयारी करून मी गेले होते. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "गोळी पोटात जाते ना?"

"हो, म्हणजे काय! रोज."

"गिळताना बघता?"

खरं सांगते, मला रागच आला. दोन वर्षं एक वेळ न चुकवता औषध देणाऱ्या माणसाला असं विचारतात का? घरी येऊन रागारागातच सोफा पुढे ओढला, कारण चीज मिळाल्यावर ढब्बू तडक सोफ्यामागे जाऊन बसते हे तेव्हाच कुठे डोक्यात आलं. भिंतीच्या कडेला अकरा गोळ्या होत्या. काही कोऱ्या करकरीत, काही पिवळट पडलेल्या, एकीवर वाळलेल्या चीजचं टरफल. बाईसाहेब शेजारी उभ्या राहून शेपटी हलवत होत्या. आम्ही मोठं काहीतरी शोधून काढलंय आणि त्याचा आनंद तिलाही झालाय, असा एकूण चेहरा.

गंमत म्हणजे या औषधाने कुत्र्याची भूक वाढते. ढब्बू दिवसभर वखवखलेली असते, पायपुसणंसुद्धा चाटून बघते. आणि तीच ढब्बू चीज खाऊन आतली गोळी गालात धरायची, आमची पाठ फिरेपर्यंत थांबायची आणि मागे जाऊन टाकायची. चार शिकल्यासवरल्या माणसांच्या हातावर रोज तुरी.

हसू आलं, पण नंतर घाम फुटला. मॅडमनी तेव्हा डोस वाढवला असता तर? आम्ही वाढीव डोस देत राहिलो असतो, तिने काही थुंकल्या असत्या, आणि एखाद्या आठवड्यात नशिबाने सगळ्या पोटात गेल्या असत्या तर ती गुंगीत लोळली असती. शिवाय हे औषध मधेच तुटलं तर त्यामुळेही फिट येऊ शकते. म्हणजे ज्या फिट आम्ही 'आजार वाढलाय' म्हणून डायरीत लिहीत होतो, त्यातल्या काही आमच्या त्या चीजच्या युक्तीनेच आणलेल्या असणार.

तेव्हापासून माझं एक मत बनलंय आणि ते मी भेटेल त्या कुत्रेवाल्याला ऐकवते. पाच दिवसांचा कोर्स असेल तर गोळी खुशाल खाऊत लपवा. पण औषध महिनोन्महिने चालणार असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. गोळी कुत्र्याला दाखवून द्या आणि खाऊ तिच्या बदल्यात द्या. मजुरी म्हणून.

लपवणं फार दिवस का चालत नाही, याचं उत्तर कुत्र्याच्या नाकात आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, तीस कोटींपर्यंत. चवीच्या बाबतीत उलट आहे: माणसाच्या जिभेवर साधारण ९,००० रुचिकलिका, कुत्र्याच्या जिभेवर १,७०० च्या आसपास. जिभेला गंडवता येतं, नाकाला नाही. पहिले काही दिवस कुत्रं ऐकतं कारण वासाचा अर्थ त्याला अजून लागलेला नसतो. एकदा कडू चव आणि तो वास यांची गाठ पडली की संपलं.

आमच्याकडे ही गाठ एकदा फारच घट्ट बसली होती. फिटच्याही आधीची गोष्ट. जुलाबांसाठी मेट्रोनिडॅझोल दिलं होतं. ज्यांनी हे औषध कुत्र्याला दिलंय त्यांना नुसतं नाव वाचून तोंड कडू झालं असेल. मी शहाणपणा करून गोळी अर्धी मोडली, म्हणजे वरचं गुळगुळीत आवरण गेलं आणि कडू गाभा उघडा पडला, आणि ती उकडलेल्या चिकनमध्ये दडवली. ढब्बूने चावली. तोंडातून फेस, लाळेच्या तारा, घरभर डोकं झटकत पळापळ. वर पोटही बिघडलेलंच. पुढचे तीन आठवडे तिने उकडलेल्या चिकनला तोंड लावलं नाही. नुसतं चिकन, गोळी नाही, काही नाही, तरी नाही. दुधाने पोळल्यावर ताक फुंकून पितात ते निदान पितात तरी. हिने वाटीकडे पाठच फिरवली.

जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं होतं. सॅकरिनचं गोड पाणी पिताना त्यांना किरणोत्साराने आजारी पाडलं, तर नंतर ते उंदीर त्या गोड पाण्यापासून लांब राहू लागले. पाण्याचा दोष काहीच नव्हता. पण पोट बिघडलं की प्राणी शेवटी खाल्लेल्या चवीवर आळ घेतो, आणि तो आळ सहजी मागे घेत नाही.

म्हणून गोळी जेवणाच्या वाटीत मिसळणाऱ्यांवर मी चिडते. एक तर अर्धी वाटी उरली की अर्धा डोस गेला की सगळा, हे कळायला मार्ग नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, खाऊवर आळ आला तर खाऊ बदलता येतो. जेवणावर आला तर? किडनीच्या आजारात आधीच कुत्र्याची अन्नावरची वासना उडालेली असते. डॉक्टरांनी नेमून दिलेलं जे एकच खाणं ते कसंबसं खातंय, त्यातच कडू गोळी कुस्करून घालायची म्हणजे होतं ते जेवणही घालवायचं.

आता आमची पद्धत. अकरा गोळ्या सापडल्यावर पहिले काही दिवस सरळ घशात गोळी ठेवली. वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरायचा, दुसऱ्या हाताने खालचा जबडा उघडून गोळी जिभेच्या उंचवट्याच्या पलीकडे ठेवायची, तोंड मिटायचं, गळा हलकेच चोळायचा. जिभेने नाक चाटलं की बहुतेक वेळा गिळली असं समजायचं. मागून थोडं पाणी, सिरिंजने, गालाच्या कडेने आणि हळू. समोरून पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे जमतं. पण रोज दोनदा, जन्मभर? चौथ्या दिवशी गोळ्यांच्या डबीचा आवाज ऐकून ती पलंगाखाली गेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग सौदा ठरवला. एक जागा, एक शब्द. मी डबी उघडते आणि म्हणते, "गोळी." पहिले आठ-दहा दिवस औषधाच्या वेळेव्यतिरिक्तही हा खेळ खेळलो, फक्त गोळीच्या जागी खाऊचाच बारका कण. "गोळी" म्हटलं, कण गिळला, की लगेच तिच्या मते स्वर्गातून आलेला तुकडा. तो तुकडा दिवसभरात दुसऱ्या कशासाठीही मिळत नाही. आता खरी गोळी असते. तिला दाखवते, हुंगू देते. मऊ खाऊचा वाटाण्याएवढा गोळा, त्यात गोळी, आणि दुसऱ्या हातात मोठा तुकडा तिच्या डोळ्यांसमोर. लहान गोळा चावायच्या फंदात कुत्रं पडत नाही, विशेषतः मागून दुसरा येताना दिसत असेल तर. मोठा तुकडा दिला की ते चावणार, आणि चावलं की गोळी सापडणार. इतकी वर्षं आम्ही बरोबर उलटं करत होतो.

खाऊच्या क्रमाबद्दल मी फार काटेकोर झालेय. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण आपण त्याला ओळखतो ते लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे. त्या कुत्र्यांना आधी इशारा मिळायचा आणि मग अन्न. क्रम तो. आधी गोळी, मग खाऊ, असं झालं तर गोळी ही खाऊची वर्दी ठरते. आधी खाऊ देऊन मग जबडा धरलात तर खाऊ ही संकटाची वर्दी ठरते, आणि थोड्या दिवसांत कुत्रं खाऊ बघूनच पळतं. "आमचा खाऊलाही भुलत नाही हो" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी हाच उलटा क्रम बघितलाय मी.

"पण ही लाच झाली," असं एक काका मला म्हणाले. काका, माझ्या पगाराला कोणी लाच म्हणत नाही. तिला न कळणाऱ्या कारणासाठी तिने रोज दोनदा कडू वस्तू गिळायची आणि वर चारित्र्य म्हणून फुकट गिळायची, ही अपेक्षा मला तरी झेपत नाही.

हे सगळं झालं कसं द्यायचं याबद्दल. कशात द्यायचं, तिथे मात्र हौस बाजूला ठेवा. पीनट बटर बरेच जण वापरतात. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. झायलिटॉल नावाची साखरेऐवजी वापरायची वस्तू त्यात असेल तर ती कुत्र्याला विष आहे. इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर कोसळते, कधीकधी तासाभराच्या आतच; पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. कधीकधी तिला 'बर्च शुगर' अशा गोंडस नावानेही छापतात. माणसांच्या पातळ औषधांतही ती असते. फिट आणि दुखण्यावरचं गॅबापेंटिन कुत्र्यांना देतात, पण माणसांसाठीच्या त्याच्या पातळ औषधात अनेकदा झायलिटॉल असतं, म्हणून 'गोळी खात नाही तर सिरप देऊ' हा निर्णय घरात घ्यायचा नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नाही. तयार सॉसेजमध्ये बऱ्याचदा कांदा-लसणाची पावडर असते, तीही नको.

चीज बिनधोक वाटतं, आमच्याकडे तेच होतं. पण एनरोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि शरीरात नीट शोषली जात नाहीत. हृदयरोगी कुत्र्याला त्यातलं मीठ नको, पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, होऊन गेलेल्याला त्यातली चरबी नको. ॲलर्जी शोधण्यासाठी आठ आठवड्यांचं पथ्य चालू असेल तर गोळीभोवतीचा नखाएवढा चिकनचा कणही सगळी मेहनत पाण्यात घालू शकतो. तेव्हा पथ्यातल्याच खाण्याचा गोळा करायचा.

काही औषधं तर खाऊबरोबर द्यायचीच नसतात. ओमेप्रॅझोल, सुक्राल्फेट ही जठराच्या त्रासावरची औषधं उपाशीपोटी. हृदयाचं पिमोबेंडन जेवणाच्या साधारण तासभर आधी. उलट कार्प्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं शक्यतो पोटात काही असताना. थायरॉइडची गोळी खाण्याबरोबर कमी शोषली जाते, म्हणून ती रोज एकाच पद्धतीने द्यायची. आज उपाशी आणि उद्या भरल्या पोटी दिलीत तर रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरांना काय बोध होणार? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुटायची नाही. काहींचं आवरण मुद्दाम पोटातल्या आम्लात टिकावं म्हणून असतं, काही सावकाश विरघळायला बनवलेल्या असतात, कॅन्सरवरच्या गोळ्यांची पूड आपल्याच श्वासात जाते. फारच कडू असेल तर रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून देता येते का, हे विचारा. माझ्या मेट्रोनिडॅझोलच्या वेळी मला हे सुचायला हवं होतं.

औषधांच्या चिठ्ठीवर हे सगळं लिहिलेलं नसतं. त्यामुळे मी आता दवाखान्यातून निघताना तीन प्रश्न विचारते: उपाशी की जेवून, मोडली तर चालेल का, चीजमध्ये चालेल का. मागची रांग चुळबुळते. चुळबुळू दे.

मांसाच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या निघाल्यात, त्यांच्याबद्दल माझं मन दुभंगलंय. सोय आहे खरी. पण औषधच खाऊ झालं की कुत्र्याला ते आणखी हवं असतं. मुलांना न उघडणारं झाकण कुत्र्याचे दात एका मिनिटात फोडतात, आणि दुखण्यावरच्या गोळ्यांची अख्खी बाटली पोटात गेली तर जठर, किडनी, यकृत, सगळ्यांवर संकट. अशा गोळ्या कपाटात, वर, कडी लावून.

ढब्बूची पातळी पुढच्या तपासणीत बरोबर आली, आहे त्याच डोसवर. गेल्या पाच महिन्यांत एकच फिट. मी पाच दिवस बाहेरगावी होते तेव्हा गोळी बाबांकडे होती. फोनवर म्हणाले, "अगं, ही माझ्याकडून चीज घेईना." टीव्ही चालू होता, आवाज येत होता. मी विचारलं, गोळी दाखवली का तिला? नव्हती दाखवली. जुन्या सवयीने तुकड्यात खुपसली होती. मग त्यांनी टीव्ही बंद केला, दुसरी गोळी तळहातावर ठेवून तिच्या नाकासमोर धरली, "गोळी" म्हणाले, आणि तिने घेतली. परत आल्यापासून बघतेय, बाबा नुसता बिस्किटाचा तुकडा द्यायला गेले तरी ती आधी त्यांचा दुसरा हात हुंगते.