विटेनबर्ग ही नुसती पार्श्वभूमी नव्हती

नमस्कार,

लेख बारकाईने वाचून रोखठोक लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा, की जर्मनीतल्या विटेनबर्गच्या विद्यापीठाला मी नको तेवढं श्रेय दिलं. सोळाव्या शतकात ख्रिस्ती चर्चमध्ये धर्मसुधारणा झाली ती मार्टिन ल्यूथर या एका निधड्या छातीच्या माणसामुळे, गाव दुसरं कुठलंही चाललं असतं.

मला हे पटत नाही. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे शब्द मागे घ्यायला ल्यूथरने नकार दिला. ते धैर्य त्याचंच, त्यात वाटेकरी कोणी नाही. पण त्याआधीचं पाहा. १५१७च्या ऑक्टोबरात पापमुक्तिपत्रांच्या विक्रीवर टीका करणारी त्याची ती ९५ विधानं आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कार्लश्टाटने शंभरावर विधानं वादासाठी मांडली होती. हा त्याच विद्यापीठातला धर्मशास्त्राचा प्राध्यापक, १५१२ मध्ये ल्यूथरला डॉक्टरेट बहाल करणारा. लॅटिनमध्ये विधानं लिहायची आणि त्यांवर जाहीर वाद घालायचा, ही तिथल्या अध्यापकांची रीतच होती.

आता वर्म्सनंतरचं. ल्यूथर जवळजवळ दहा महिने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. सगळं त्याच्या एकट्यावर उभं असतं, तर इकडे सारं थंडावायला हवं होतं. झालं उलटंच! १५२१च्या नाताळात कार्लश्टाटने साध्या कपड्यांत उपासना चालवली आणि सामान्य भाविकांना भाकरीबरोबर द्राक्षारसही दिला, जो एरवी फक्त धर्मगुरूच्या वाट्याला येई. ल्यूथरला परतल्यावर ही घाई आवरावी लागली.

आणि मेलांख्थोन? १५१८ मध्ये एकविसाव्या वर्षी ग्रीक शिकवायला आलेला हा तरुण नसता, तर ल्यूथरने किल्ल्यात केलेल्या बायबलमधल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतरावरून ग्रीकचा जाणकार हात कोणी फिरवला असता? १५३०च्या आउग्सबुर्गच्या सभेला तर ल्यूथरला जाताच आलं नाही, त्याच्यावर साम्राज्याची बंदी होती. तिथे सादर झालेलं श्रद्धापत्र मेलांख्थोनच्या लेखणीचं. लूथरन चर्च आजही ते मानतात.

ल्यूथरला संरक्षण सॅक्सनीचा राज्यकर्ता (इलेक्टर) फ्रेडरिक याचं होतं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण १५०२ मध्ये हे विद्यापीठ काढलं तेही त्यानेच, आणि ल्यूथरला सांभाळताना तो आपला प्राध्यापकही सांभाळत होता.

मी विद्यार्थ्यांवर एवढा भर का दिला, तेही सांगतो. मिकाएल आग्रिकोला फिनलंडहून इथे शिकायला आला, १५३९ मध्ये परतला आणि त्याने नवा करार फिनिश भाषेत आणला. तो छापून झाला १५४८ साली. ल्यूथर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.