बारा पोरं जास्त

लेक नववीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात संच हा धडा आमच्या घरात शिरला. "बाबा, हे सोडवून दे ना," म्हणत तिनं पुस्तक पुढं केलं, आणि मी पेपर बाजूला ठेवण्याची चूक केली.

वर्गात ४० मुलं. २५ जणांना चहा आवडतो, २२ जणांना कॉफी, ५ जणांना दोन्ही नाही. दोन्ही आवडणारे किती?

मुळात या वयाच्या पोरांना कॉफी देतं कोण, यावर मी पाच मिनिटं बोललो. (वेळ काढायला सामाजिक मुद्दे बरे पडतात.) मग बेरीज केली. २५ नि २२, ४७. त्यात ५, ५२. वर्ग तर ४०चा! १२ पोरं कुठून उपटली? पुन्हा मोजलं. हलायला तयार नाहीत.

"शेजारच्या तुकडीतली आली असतील," मी म्हणालो.

लेकीनं मागचं पान उघडलं. "१२च उत्तर आहे! कसं काढलंस?"

मी चष्मा पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, दोन्ही पिणाऱ्यांना तू दोनदा मोजलंस. तुझ्या मुंजीत केटररनं असंच केलं होतं. माणसं नाही, ताटं मोजली मेल्यानं."

मग लेकीनं आजीची बांगडी दोनदा फिरवून वेन आकृती काढली. १३, मध्ये १२, पलीकडे १०. पाच जण दोन्ही बांगड्यांच्या बाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात. शाळेत मी तिथंच बसायचो.

भूमितीत मला पक्ष आणि साध्य छान येतं. दोन्ही प्रश्नातूनच उतरवायचं असतं. सिद्धतेपाशी गाडी अडते. त्यातून ते एकरूप त्रिकोण! बाकोबा (म्हणजे बाजू-कोन-बाजू ही एकरूपतेची कसोटी) हे मला कायम ग्रामदैवत वाटत आलंय, दहावीत त्याला नारळही बोललो होतो.

"बाबा, इथं बाबाबा लागेल का?"

मला वाटलं, पोरगी अडखळतेय. घाईघाईत 'बाबाको' लिहून मोकळा झालो. अशी कसोटीच नाही म्हणे.

शेवटी तिनंच मला गणित घातलं. "तू ४२, मी १४. तू माझ्या दुप्पट कधी होशील?"

मी नवं पान घेतलं, समास आखला, 'समजा, क्ष वर्षांनी' लिहिलं. आता एक्स लिहितात म्हणे, पण माझा जीव क्षवरच. त्याच्याखाली रेघ ओढतोय तोवर "चौदा वर्षांनी" म्हणत ती हात धुवायला गेलीसुद्धा.