‘अख्खा रविवार गेला आणि बाहुली अर्धीच’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

कापडी बाहुली शिवायच्या आमच्या एका दिवसाच्या वर्गाला एक स्टार दिलात, पण तक्रारी सविस्तर लिहिल्यात, त्यामुळे उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: दिवस गेला तरी बाहुली पूर्ण झाली नाही, मशीन असून हाताने शिवायला लावलं, शिवलेलं उसवायला लावलं, डोळ्यांना बटणं दिली नाहीत, आणि विक्रीचं विचारल्यावर नाउमेद केलं. वर, ‘१,२०० रुपयांत तुळशीबागेत चार टेडी आले असते’.

आले असते, यात वादच नाही. नुसती बाहुली हवी असेल त्यांना मी फोनवरच सांगते की विकत घ्या, वर्गाला येऊ नका. इथे येतात ते स्वतः करायची हौस असते म्हणून. आणि बाहुली एका दिवसात होईलच असं आम्ही कुठे म्हटलेलं नाही. माहितीपत्रकात ‘धड, हातपाय आणि चेहरा’ एवढंच आहे. केस आणि कपडे घरी करायचे असतात, त्यासाठीच लोकर आणि खणाचा तुकडा पिशवीत घालून देतो.

आता उसवण्याचं. खरा राग तिथेच आहे असं अभिप्राय वाचून वाटलं, आणि साहजिक आहे. तासभर शिवलेलं कुणी उसवायला सांगितलं तर मलाही राग येईल. पण मानेच्या वळणावर तुम्ही धावदोरा घातला होता, तोही लांब लांब टाक्यांचा. साडीला फॉल लावताना तो चालतो. बाहुलीत मात्र फायबर, म्हणजे पॉलिएस्टरचा कापसासारखा भराव, दाबून भरावा लागतो, आणि भरायला लागलं की असे टाके दात विचकल्यासारखे उघडे पडतात आणि पांढरा फायबर बाहेर डोकावतो. म्हणून तिथे बारीक उलटी टीपच हवी, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली शिवण. शिवाय वळणावर शिवणीच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने छोटे छोटे छेद द्यावे लागतात, नाहीतर कापड उलटवल्यावर मानेला चुण्या पडतात. टाके मोठे असले की हाच छेद टाक्यातून जातो आणि सगळी मान हातात येते. तुम्ही छेद द्यायला कात्री उचललीत तेव्हाच मी थांबवलं. कापड उलटवून झाल्यावर सांगण्यात काही अर्थ नव्हता.

मानेवर माझा एवढा कटाक्ष का, तेही सांगते. घरी केलेली कापडी बाहुली बिघडते ती बहुधा मानेतच. डोक्यात मूठभर फायबर एकदम कोंबला की त्याचा गोळा होतो आणि मानेत पोकळी राहते. सुरुवातीला बाहुली ताठ बसते, पण पोराने चार दिवस काखोटीला मारून फिरवली की डोकं छातीवर. थोडा थोडा फायबर घेऊन, विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने मान आणि खांदे घट्ट भरायचे, याला वेळ लागतो. दिवसातला बराच वेळ तिथेच जातो, आणि जायलाच हवा.

शेजारच्या काकूंना मशीन दिलं आणि तुम्हाला नाही, हेही खरं. त्या वर्षानुवर्षं ब्लाउज शिवतात. एवढ्याशा वळणावर दर दोन-तीन टाक्यांनी सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा पाय (कापड दाबून धरणारा भाग) उचलायचा, कापड जरासं फिरवायचं, पाय खाली घ्यायचा. नवख्या हाताने हे करताना मांजरपाट ओढला जातो आणि एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा होतो. हाताची शिवण सावकाश होते, पण ताबा तुमचा राहतो.

बटणांच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. बाहुली भाचीच्या पहिल्या वाढदिवसासाठी आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. त्या वयात सगळं तोंडात जातं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटून येईल असा बारीक भाग नसावा, हे भारतीय मानकातही आहे. म्हणून डोळे भरतकामाचेच. तुमचा डावा डोळा फार सुरेख आलाय, हे त्या दिवशीही म्हटलं होतं. उजवा भरताना आधी टाचणी लावून दोन्ही एका रेषेत आहेत ना ते बघा. रेषा चेहऱ्याच्या मध्याच्या किंचित खाली असू दे, मग चेहरा बाळसेदार दिसतो. दोऱ्याची गाठ डोक्याच्या मागे घ्या, केसांखाली झाकली जाते.

‘सुती म्हणून सांगितलं आणि आत पॉलिएस्टर भरलं’ असंही एक वाक्य आहे. कापड सुतीच आहे. आत कापूस भरला तर धुतल्यावर गठ्ठे होतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात आतून वाळता वाळत नाही.

राहिला विक्रीचा प्रश्न. इन्स्टाग्रामवर विकता येतील का, असं तुम्ही विचारलंत आणि मी नियम सांगितला. त्याला नाउमेद करणं म्हणायचं असेल तर म्हणा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं, कापडी खेळणीही त्यात आली. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे कारागीर म्हणून नोंदणी असेल तर स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे. म्हणजे दार बंद नाही, फक्त आधी नोंदणीचं बघा. भेट म्हणून द्यायला यातलं काहीच लागत नाही.

फी परत मागितली आहे, ती देणार नाही. दिवसभर शिकवलं आहे आणि सामान तुमच्याकडे आहे. पण दर शनिवारी दुपारी जुन्या विद्यार्थ्यांना अडलेलं काम घेऊन बसता येतं, त्याचे पैसे घेत नाही. वाढदिवसाच्या आधीच्या शनिवारी बाहुली घेऊन या, उजवा डोळा आणि केस इथेच होतील. पिशवीतली लोकर तपकिरी आहे. काळी हवी असेल तर दोन दिवस आधी निरोप ठेवा, बोहरी आळीतून आणून ठेवते.