समोरचा कोण आहे, हेही विचारा

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यातलं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधांना दिलेली संमती कायदा ज्या वयापासून मानतो ते वय, १८ वरून १६ वर आणावं का, हा वाद भारतात पुन्हा तापला आहे. १६ ते १८ वयातल्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा ठरू नयेत, अशी भूमिका ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली. केंद्र सरकारने तिला विरोध केला. त्यावर आमच्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "तिकडची थेरं इकडे नकोत."

'तिकडे' म्हणजे कॅनडात, मी राहते तिथे. पण इथे वय खाली आणलेलं नाही, वाढवलेलं आहे. १८९० पासून ते १४ होतं, २००८ मध्ये १६ झालं. मात्र १४-१५ वर्षांच्या मुलीचा जोडीदार तिच्याहून पाच वर्षांच्या आत मोठा असेल, तर तिची संमती कायदा मानतो. तोच माणूस तिचा शिक्षक किंवा प्रशिक्षक असेल, ती त्याच्यावर अवलंबून असेल, तर सवलत नाही. तिथे मर्यादा थेट १८. इथला कायदा मुलीचं वय विचारून थांबत नाही, समोरचा कोण आहे हेही विचारतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मुळात हा कायदा आहेच मोठ्या माणसाच्या ताकदीला आवर घालण्यासाठी.

आपल्याकडे तो कडक झाला तोही एका मुलीचा जीव गेल्यावर. बंगालमधली फुलमणी जेमतेम अकरा वर्षांची होती; नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीत तिचा मृत्यू झाला. पण तेव्हा मर्यादा १० वर्षांची आणि तिला दहा पूर्ण झालेली, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा बसला नाही. १८९१ मध्ये ती मर्यादा १२ झाली. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, म्हणून टिळकांनी त्या कायद्याला विरोध केला. आगरकर ठामपणे बाजूने उभे राहिले. टिळकांबद्दल मनात कितीही आदर असला तरी इथे मी आगरकरांच्या बाजूची. बाराव्या वर्षी गर्भाधान हीसुद्धा तेव्हा 'आपली संस्कृती' होती, आणि आज तिच्या बाजूने काकाही बोलणार नाहीत.

आज आई-वडील पोलीस ठाण्यात जातात ते बऱ्याचदा वेगळ्याच कारणासाठी. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून जाते, घरचे 'फूस लावून पळवलं' म्हणून तक्रार देतात. तिचा जबाब काहीही असो, तिची संमती कायद्याच्या लेखी नसतेच. मुलगा तुरुंगात, मुलगी सुधारगृहात किंवा पुन्हा त्याच घरात, जिथून ती निघाली होती.

तरीही सरसकट १६ करावं, असं मी म्हणणार नाही. चाळिशीतल्या नातेवाइकाला, क्लासच्या सरांना "तिची संमती होती" म्हणायची वाट त्यातून मिळेल. विधी आयोगाने २०२३ मध्ये वय कमी करू नका, पण १६ ते १८ मधल्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेपुरता विवेक वापरू द्या, असं सुचवलं. मला हे अपुरं वाटतं. शिक्षेचा विचार येईपर्यंत त्या मुलाची दोन-तीन वर्षं गेलेली असतात. १८ ची मर्यादा राहू द्या, आणि वयातलं अंतर थोडं असेल, धाकदपटशा नसेल, तर गुन्हाच धरू नका.

हे मी काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पोरगा परजातीतला असला तर?" पुढे तासभर आम्ही बोललो. वयाचा विषय त्यात पुन्हा निघाला नाही.