सुनकने एका दिवसात मॅक्रॉनला नमवलं, म्हणे!

मार्च 2023 च्या पॅरिस भेटीवरचा तो मेसेज अजून ग्रुपवर येतोच. म्हणे आपल्या सुधा मूर्तींचे जावई आणि तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक पॅरिसला गेले, इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही देशांची अशी परिषद झाली, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांच्याशी ते तासाभर बंद खोलीत बोलले, दोघं जुने बँकर म्हणून जमलं आणि एका दिवसात पाच वर्षांचं भांडण मिटवून फ्रान्सला नमवून आले. वाचायला झकास आहे, पण बरंचसं चूक आहे.

"एका दिवसात" हे आधी घ्या. ही परिषद घ्यायचं ठरलं ऑक्टोबर 2022 मध्ये प्रागला, आणि ठरवलं कोणी तर तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान लिझ ट्रसनी, ज्या ऑगस्टमध्ये म्हणत होत्या की मॅक्रॉन मित्र की शत्रू ते अजून ठरायचंय! सुनक तेव्हा पंतप्रधानही नव्हते. मग नोव्हेंबरात दोन्हीकडच्या गृहमंत्र्यांनी फ्रान्सहून छोट्या बोटींतून ब्रिटनला येणाऱ्या स्थलांतरितांवरून करार केला, आणि 27 फेब्रुवारीला विंडसर फ्रेमवर्क, म्हणजे ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडच्या व्यापारावरून अडलेल्या वादावरचा करार, जमला, तोही युरोपियन युनियनशी. खरी अडचण तिथेच सुटली, पॅरिसच्या अकरा दिवस आधी, आणि हे श्रेय मात्र सुनकना द्यायलाच हवं.

"इतिहासात पहिल्यांदाच" वगैरे तर सोडाच, ही छत्तिसावी परिषद होती.

"दोघं जुने बँकर म्हणून जमलं" हे अर्धं खरं, बँकर होते दोघंही. पण कॅथरीन कोलोना हे नाव कुणी घेत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मासेमारीच्या लायसन्सवरून वाजलं तेव्हा त्या लंडनमध्ये फ्रान्सच्या राजदूत होत्या आणि त्यांना जाब विचारायला बोलावून घेणाऱ्या ब्रिटिश परराष्ट्रमंत्री होत्या पुन्हा ट्रसच. 2023 ला याच कोलोनाबाई फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री, म्हणजे लंडनची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस टेबलाच्या पलीकडे. आणि संयुक्त निवेदनाचा मसुदा काय त्या तासाभरात लिहून होतो का, त्यातल्या शब्दाशब्दावर अधिकारी आणि वकिलातीतले लोक आधीच घासाघीस करून बसलेले असतात.

आता "नमवलं". पैसे कोणी दिले? ब्रिटनने, तीन वर्षांत 54 कोटी 10 लाख युरो द्यायचं कबूल केलं. बदल्यात बोटी अडवायला फ्रान्सच्या किनाऱ्यावर 500 जादा माणसं आणि फ्रान्समध्ये एक डिटेन्शन सेंटर. बोटीने आलेल्यांना फ्रान्सने परत घ्यावं ही मुख्य मागणी होती, त्यावर मॅक्रॉननी हा विषय युनियनशी बोला म्हणून हात वर केले. फ्रान्स त्याला राजी झाला तो थेट जुलै 2025 मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर असताना, आणि तेही एक परत घेतो, एक तुम्ही घ्या या बोलीवर.